एकच ना?

शेजारी रडत दारात आला तर त्याला आधी आत घ्यावं, बसवावं, पाणी द्यावं. हे शिकायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. पण भरपूर शिकलेल्या आकडेबाईंना त्या संध्याकाळी तेवढंही जमलं नाही.

दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती, हातात घराची किल्ली घट्ट धरलेली.

"अगं, आमचा फ्यूज गेला गं," काकू म्हणाल्या. "चौकातल्या सभेवरून दोन पक्षांची मारामारी झाली. हा दुकान बंद करून घरी येत होता. दगड लागला डोक्यात."

आकडेबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी पूर्ण करता करता त्यांनी विचारलं, "एकच ना?"

काकू तशाच वळल्या आणि समोरचं दार बंद झालं.

आकडेबाई हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. विद्यापीठाच्या एका केंद्रात त्या संशोधक होत्या. जगात कुठेही युद्ध होवो की राजकारणापायी खून पडो, त्याची बातमी वाचायची आणि तक्ता भरायचा, हे त्यांचं काम. फ्यूज हेही इमारतीनेच ठेवलेलं नाव. काकूंचा मुलगा विजेच्या वस्तू दुरुस्त करायचा. दिवे गेले की प्रत्येक मजल्यावरून त्याच्या नावाने हाका सुरू! आकडेबाईंची इस्त्रीसुद्धा नीट तापत नाही म्हणून त्याच्याकडेच दुरुस्तीला पडली होती.

"तू काय बोललीस, कळतंय का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"काय बोलले? विचारलं फक्त."

"एका आईला विचारलंस, एकच मेला ना म्हणून! आपली छकुली रोज शाळेतून येऊन त्यांच्या हातचं जेवते, अगं!"

तेव्हा आकडेबाईंना कळलं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. आत कुठेच काही हलेना. त्यांनी उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या कपाटात ठेवल्या, आणि मग मात्र त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

त्यांना नावं ठेवायची घाई करू नका. तुम्ही-आम्ही तरी काय करतो? जेवताना मेलेल्यांचा आकडा ऐकतो आणि भाजीत मीठ कमी पडलंय म्हणतो. आकडेबाईंना निदान त्याचा पगार मिळतो!

दुसऱ्या दिवशी कामावर त्यांच्यापुढे हीच बातमी आली. 'सभेनंतर दगडफेक, एक ठार.' केंद्रात एक मर्यादा ठरलेली होती. वर्षभरात एखाद्या भांडणात तेवढी माणसं मेली तरच त्याला संघर्ष म्हणायचं आणि मुख्य अहवालात घ्यायचं. त्या मर्यादेला तिथे सगळे 'उंबरठा' म्हणत. आकडेबाईंच्या बोटांनी सवयीने शेरा टाकला: उंबरठ्याखाली.

त्या तशाच उठल्या आणि केंद्राच्या प्रमुखांकडे गेल्या. सर म्हातारे होते, आयुष्यभर याच कामात मुरलेले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"सर, हे मोजणंच वाईट का हो?"

"मुळीच नाही. कोणी मोजलंच नाही तर मारणाऱ्यांचं फावतं. उद्या ते म्हणतील, कोणी मेलंच नाही." सरांनी चष्मा काढला. "आपल्या तक्त्यात आकड्याचा रकाना कुठे आहे?"

"शेवटी."

"आधी कोण, मग कुठे, मग कसं. किती, ते सगळ्यात शेवटी. तू दारात आलेल्या बाईला शेवटचा रकाना आधी विचारलास."

"मला रडूसुद्धा येत नाहीये, सर."

"रडायला कोण सांगतंय? नुसती जाऊन बस तिच्याजवळ."

"आणि त्यांनी दार उघडलं नाही तर?"

"तर दाराबाहेर बस."

संध्याकाळी काकूंचं दार उघडंच होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आकडेबाई उंबरठ्यापाशीच थबकल्या.

"काकू, मी चुकले."

"चुकलीस कसली? बरोबरच विचारलंस," काकू म्हणाल्या. "एकच होता."

मग काकूच उठल्या आणि फळीवरून इस्त्री घेऊन आल्या.

"ही घे तुझी. नीट करून ठेवली होती त्यानं. नवी वायर घातलीय. हसत होता, म्हणाला, आई, हिचा शॉक बसतोय आणि आकडेबाई रोज वापरत होत्या, त्यांना कळलं कसं नाही? जपायला सांग त्यांना."

आकडेबाईंनी इस्त्री हातात घेतली. वायर व्यवस्थित गुंडाळून बांधलेली होती. इस्त्री करताना बोटांना झिणझिण्या येत होत्या खऱ्या! पण हात झटकायचा आणि पुढचा कपडा घ्यायचा, इतकंच त्या करत आल्या होत्या. ज्या मुलाला त्यांच्या जिवाची काळजी होती, त्यालाच त्यांनी उंबरठ्याखाली टाकलं होतं! अरेरे, काय केलं हे!

त्या उंबरठा ओलांडून आत आल्या आणि काकूंशेजारी जमिनीवर बसल्या.

"काकू, मला सांगा ना त्याच्याबद्दल. अगदी लहानपणापासून."

काकू म्हणाल्या, "एवढासा होता, तेव्हा घरातला रेडिओ खोलून बसला होता मेला..."

आणि तो शब्द त्यांच्या तोंडातच अडकला. जन्मभर लाडाने दिलेली शिवी! काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. तेव्हा कुठे आकडेबाईंच्या आत काहीतरी हललं. त्यांनी काकूंचा दुसरा हात धरला आणि म्हणाल्या, "सांगा काकू. मग? जोडता आला का त्याला परत?"

"कुठला जोडतोय!" काकू म्हणाल्या, आणि रडत रडत पुढचं सांगू लागल्या.

मंडळी, मोजणारे हवेतच. त्यांच्यावाचून जगाला खरं कळायचं नाही. पण उद्या तुमच्या-आमच्या कानावर असा आकडा पडला, तर किती असं विचारण्याआधी कोण असं विचारू या. अहवालात माणूस उंबरठ्याखाली जात असेल. ज्या घरातून तो जातो, त्या घरात तो एकच असतो.