बर्फगाडीला लावलेली चरबी

घाटमाथ्यावरच्या रस्तेखात्याच्या चौकीत बुरुलकान एजेचा, म्हणजे बुरुलकानताईचा, हा एकोणिसावा हिवाळा. इतक्या वर्षांत तिनं बर्फगाडीला एकदाही पारोसं झोपू दिलं नव्हतं. रस्त्यावर बर्फ वितळवणारं मीठ टाकून, उरलेला बर्फ सारून गाडी परतली, की आधी कोमट पाण्याची आंघोळ, मग फडक्यानं अंग पुसणं, मग लोकरीचं मेण चोळणं. न धुतलेली लोकर उकळली की पाण्यावर पिवळट साय धरते, तेच मेण. मीठ लोखंड खातं, पण या मेणाला बिचकतं. छपराखाली वाफ दाटायची आणि एजेला वाटायचं, आपण रोज एका ढगालाच न्हाऊ घालतोय.

ड्रायव्हर सार्तबाय चिडवायचा, "माझ्या बायकोनं माझी पाठ एवढी चोळली असती, तर मी घरीच राहिलो असतो."

"तुझ्या पाठीला मीठ कुठे लागतंय," एजे म्हणायची.

यंदा जानेवारीत एजेची कंबर धरली. तीन आठवडे ती खाली गावात लेकीकडे पडून होती. परतली ती नेमकी तपासणीच्या दिवशी सकाळी. तपासनीस हातोडी घेऊन येणार होता. लोखंड खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुजलेलं. पत्रे बदलता येतात, पण खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस, कुजलं तर गाडी भंगारात, आणि गाडी गेली की चौकीला कुलूप.

गाडी पांढरीशुभ्र दिसत होती. मेण संपलं म्हणून सार्तबायनं मांसाच्या साठ्यातली मेंढीच्या शेपटीची चरबी तिला फासली होती. मोठ्या मायेनं, बोटभर जाड. एजेनं जराशी जिभेला लावून पाहिली.

"अरे, ही खारवलेली आहे."

"मग? खारवल्याशिवाय टिकेल कशी?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

दोघांनी चरबी खरवडली. चरबीखालच्या पत्र्यांवर, उतरणीवर ट्युलिप फुलावेत तसा गंज फुलला होता.

दुपारी तपासनीस आला. पहिला पत्रा बद्द वाजला. मुळातच झिजून पातळ झालेल्या दुसऱ्यातून हातोडी आरपार गेली. सार्तबायनं टोपी काढून हातात घेतली. बाहेर बर्फ इतका संथ पडत होता, की तो खाली येतोय की डोंगर वर चाललाय, एजेला कळेना. तपासनीस उताणा होऊन गाडीखाली सरकला. तिनं डोळे मिटून घेतले.

खणण्. पुन्हा खणण्. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू खोल बर्फाखालून कुणी घंटा वाजवत चाललंय.

"इथलं मेण जुनं आहे, पण धरून आहे," खालून आवाज आला. "चेसिस उत्तम. उन्हाळ्यात पत्रे तेवढे बदला."

एजेनं सार्तबायकडे पाहिलं. "खाली का नाही फासलीस?"

तो पोटावर हात ठेवून पुटपुटला, "शिरताच येईना, एजे. दोनदा करून पाहिलं."

त्या दिवशी जेवताना एजेनं मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा आपण होऊन त्याच्या ताटात वाढला, आणि हिवाळा संपेपर्यंत अजिबात बारीक व्हायचं नाही, असं बजावलं.