कानोसा

"खरं सांगायचं हं. मला बरं वाटावं म्हणून नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

ताईंनी माऊसवरचा हात काढला. समोर कॉम्प्युटरवर स्टुडिओच्या मालकांनी काल काढलेला ऑपरेटरबाईंचा फोटो होता. शेजारी स्टुलावर ऑपरेटरबाई स्वतः बसल्या होत्या, पण त्यांना तो दिसत नव्हता. जन्मापासूनच त्यांना काही दिसत नव्हतं.

"काळा चष्मा दिसतोय," ताई म्हणाल्या. "चांगला मोठा, भुवयांपासून गालापर्यंत. आणि दोन्ही काचांत आमच्या दिव्यांच्या पांढऱ्या छत्र्या."

"आणि मी?"

"नाक आहे. ओठ आहेत. हनुवटी आहे."

"म्हणजे तुमच्या दिव्यांचा फोटो छान आलाय. मी आपली कडेकडेनं." ऑपरेटरबाई मोठ्यानं हसल्या, मग एकदम थांबल्या. "हा चष्मा माझा नाही हो. हेडक्लार्कनी आणून दिला, म्हणाले घाला. एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले. माझ्या डोळ्यांची कुणाला अडचण झाली नाही. आता भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा झाली."

त्यांच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी झालेल्यांचे फोटो मोठ्या हॉलमध्ये लावायची पद्धत होती. या महिनाअखेर ऑपरेटरबाई निवृत्त होणार होत्या.

"चष्म्याशिवाय काढा," त्या म्हणाल्या.

काउंटरमागून मालक खाकरले. साठी ओलांडलेला, मनानं चांगला माणूस. पण समोर येईल त्याच्यावर दोन्हीकडून सारखा उजेड टाकायचा, एवढंच त्यांना ठाऊक. "बाई, तसं बरं नाही दिसणार. हवं तर चष्मा काढून काढू, आणि आमच्या ताई डोळे बसवतील. कळणारसुद्धा नाही."

"कुणाचे डोळे?"

मालक काउंटरवरचं पावतीबुक सारखं करू लागले.

"नाही, ज्यांचे असतील त्यांना विचारायला हवं ना."

ताईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ग्रुप फोटोत कुणी पापणी मिटली की दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे त्याला लावायचे, हे त्यांचं रोजचंच काम होतं. बावीस वर्षं त्या या स्टुडिओत फोटो दुरुस्त करत होत्या. आधी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं, नंतर कॉम्प्युटरवर. पुटकुळ्या, व्रण, पांढरे केस, दुहेरी हनुवट्या. गावातली निम्मी तोंडं त्यांच्या हाताखालून गुळगुळीत होऊन भिंतींवर गेली होती. कॅमेऱ्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. कॅमेरा मालकांचा.

"मी काढते," ताई म्हणाल्या.

"तुम्ही?" मालकांनी आपला चष्मा कपाळावर चढवला.

"रविवारी दुकान बंद असतं तेव्हा काढते."

"आणि बिघडला तर?"

"तर पुन्हा काढेन. चांगला येईपर्यंत."

मालकांनी किल्ली काउंटरवर ठेवली. "तुमच्या जबाबदारीवर हं."

घरी ताईंनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं. तो बसडेपोत मेकॅनिक होता, नुकताच कामावरून आलेला.

"डोळे मीट. हलू नकोस."

"दाढी तरी करू दे."

"नको. मला खड्डेखळगे हवेत."

"लग्नाआधी सांगायचंस की, तुला खड्डेखळगे आवडतात म्हणून. मी उगाच क्रीम लावून आलो होतो."

ताईंनी टेबललँप समोर धरला. मिटलेले डोळे सपाट झाले, चेहरा थाळीसारखा. वरून धरला तर डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. खालून धरल्यावर त्या स्वतःच दचकल्या. मग लँप डावीकडे नेला, कानाच्या जरा वर, आणि त्याच्यापुढे पांढरी चादर टांगली. पापणीची गोलाई उमटली. तिच्याखाली सावली होती, पण मऊ. उजवा गाल मात्र अंधारात बुडाला. त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केल्यावर तोही हळूच वर आला.

"हे बघ," त्या आनंदानं म्हणाल्या. नवरा बसल्या बसल्या घोरत होता.

शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी हेच चाललं. लँप एक वीत पुढे, एक वीत मागे. वहीत त्या अंतरं लिहून ठेवत होत्या.

रविवारी सकाळी ऑपरेटरबाई आल्या. ताईंनी त्यांना बसवलं, दिवा लावला, चादर टांगली.

"डाव्या गालावर ऊन आलं," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"तिथंच हवंय मला."

ताईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं. उजवा डोळा दुधी होता, साय धरल्यासारखा. डावा अर्धवट मिटलेला, थोडा आत गेलेला. उजेड नीट पडला होता. पण बाई ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून.

"सैल बसा ना."

"बसलेय की."

"हसा थोडं."

बाई हसल्या, ते आणखी वाईट. तीस-पस्तीस फोटो झाले. प्रत्येकात तीच ताठ मान. ताईंनी दिवा हलवला, थर्माकोल जवळ आणला, पाठीमागचा पडदा बदलून गडद केला. त्यांच्या पाठीला घाम आला. मालकांचं खरं ठरतंय की काय, असं क्षणभर वाटून गेलं. तो विचार त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेबरोबर पुसून टाकला.

"दमलात का?" त्यांनी विचारलं.

"मी कसली दमते. तुम्ही काढा."

तेवढ्यात बाहेर काउंटरवरचा फोन खणखणला. आणि ऑपरेटरबाईंची मान आपोआप डावीकडे कलली. खांदे उतरले. ओठ किंचित विलग झाले, कपाळावरची आठी गेली, सगळा चेहरा कानाशी गोळा झाला. कुणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि आपण ते योग्य माणसापर्यंत पोचवणार आहोत, अशी एक तयारी त्या तोंडावर होती.

ताईंनी बटण दाबलं.

"घ्या ना फोन," ऑपरेटरबाई अस्वस्थ होऊन म्हणाल्या.

"वाजू दे," ताई म्हणाल्या, आणि आणखी एकदा दाबलं.

सोमवारी दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या. ताईंनी मागचा पडदा आणखी गडद केला, डावा कान आणि गाल तेवढा थोडा उजळ केला, वरची रिकामी जागा कापून टाकली. जे जे केलं ते बोलून दाखवलं.

"आता काय केलंत?"

"मानेवरचा एक केस काढला."

"माझाच ना?"

"हो."

"मग राहू दे की."

ताईंनी केस परत आणला. सवयीनं त्यांचा हात डोळ्यांखालच्या सुरकुत्यांकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"माझे डोळे कसे आहेत हो?" ऑपरेटरबाईंनी अगदी हळू विचारलं. "लहानपणी विचारलं की आई विषय बदलायची. नंतर मी विचारणंच सोडलं."

ताईंनी सांगितलं. उजवा कसा, डावा कसा, पापण्या किती दाट, भुवया कुठे वळतात, सगळं. सोपं करून नाही आणि फुगवूनही नाही. ऑपरेटरबाईंनी बोटानं आपली भुवई त्या वळणापर्यंत चाचपली.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

बुधवारी हेडक्लार्क फोटो न्यायला आले. बघितल्याबरोबर त्यांनी तो काउंटरवर उलटा ठेवला. "हा नको. चष्मा दिला होता ना? हॉलमध्ये बाहेरची माणसं येतात."

"चष्म्याचा मिळणार नाही," ताई म्हणाल्या. "त्यांनी हा निवडलाय."

"निवडलाय? त्यांना काय दिसतंय?"

बोलून गेले, आणि मग ते खाली बघायला लागले.

"मी सांगितलाय त्यांना. तासभर बसून, इंच इंच," ताई म्हणाल्या. "फोटो त्यांचा आहे. भिंतीवर त्याच राहणार आहेत, चष्मा नाही."

हेडक्लार्कनी मालकांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा."

मालकांनी फोटो सुलटा केला. हातात धरून खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. "साहेब, त्या चष्म्याच्या फोटोत माझे दिवे आलेत. तो बाहेर गेला तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं काय दिवे लावलेत बघा. तो मी द्यायचा नाही."

हेडक्लार्क फोटो घेऊन गेले. पावतीवर सही करताना पेन जरा जोरात टेकवलं, एवढंच.

महिनाअखेरीला निरोपाचा कार्यक्रम झाला. ऑपरेटरबाईंनी ताईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. भाषणं संपली, लोक चहाकडे वळले.

"कुठं लावलंय मला?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"दारापासून दुसऱ्या. बाकी सगळे समोर बघतायत. तुम्ही दाराकडे कान देऊन आहात."

"मग बरंय. कोण आलं-गेलं कळेल." मग म्हणाल्या, "जाण्याआधी माझ्या खोलीत येता?"

जिन्याखालची लहानशी खोली होती. ऑपरेटरबाई सवयीनं सहा पावलं चालून खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. ताई दारातच थबकल्या. टेबल रिकामं होतं. आता नवीन यंत्र येणार होतं, आपोआप फोन जोडणारं. बोर्ड सकाळीच, बाई हॉलमध्ये असताना, काढून नेला होता. ऑपरेटरबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचे हात लाकडावर थोडा वेळ तसेच राहिले. मग बोटं सरकली. कोपऱ्यात स्क्रूचं एक भोक लागलं. मग दुसरं. चारही सापडली.



ऑपरेटरबाईंनी पर्समधून रुमाल काढला. जिथे बोर्ड होता तिथे वर्षानुवर्षांची धूळ चौकोनी साचली होती. ती त्यांनी पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडांसकट. रुमालाची मळकी बाजू आत करून घडी घातली आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"चला ताई," त्या म्हणाल्या. "चहा निवेल."