जुलेखाच्या आधी उचललेला पैलवान

मी दवाखान्याची गाडी. मला माझ्या मालकांची किळस येते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरणार नाही.

बाहत्तर साली कोल्हापुरातल्या एका ट्रस्टनं मला लोकवर्गणीतून घेतलं. खेड्यापाड्यांतल्या माणसांनी दोन-दोन रुपये दिले. दारावर नाव मात्र रंगवलं गेलं ते अध्यक्ष बाळासोंच्या वडिलांचं. भाडं मैलाला सव्वा रुपया. प्रेत घरी न्यायचं तर दुप्पट. जवळच्या गडमुडशिंगी गावाला जाऊन यायचं म्हणजे मजुराची चार दिवसांची कमाई. म्हणून गरीब माणूस धाप लागेपर्यंत थांबतो, आणि ज्याला मी फुकट, तो सर्दी झाली तरी बोलावतो. बाळासोंच्या सासूबाई माझ्या स्ट्रेचरवर पाय पसरून जोतिबाला जाऊन आल्या. त्यांना काय झालं होतं? काहीही नाही.

त्या दिवशी मी कुस्तीच्या मैदानावर उभी होते. बाळासोंचा भाचा सयाजी तिसऱ्याच मिनिटाला चितपट झाला. बाळासो धावत आले.

"पिराजी, स्ट्रेचर आण. ह्यो चालत गेला तर लोक म्हणतील पडला. गाडीतनं गेला तर म्हणतील पाय मोडला."

माझा ड्रायव्हर पिराजी म्हणाला, "सायेब, पाय मुरगळलाबी न्हाय की."

"तुझी नोकरी मुरगळू का?"

तेवढ्यात गडमुडशिंगीचा करीम सायकल टाकून पुढं आला. दवाखान्यातून त्याला इकडं पाठवलं होतं. "दादा, माझी जुलेखा सकाळी बाळंत झाली. रगत थांबंना. सुईण म्हणती, आत्ताच्या आत्ता न्या."

"नेऊ की. आधी पैलवानाला पेठंतनं फिरवून आणू दे," बाळासो म्हणाले.

करीमला तिथंच सोडून आम्ही निघालो. घंटा वाजत होती. लोक हळहळत रस्त्याच्या कडेला होत होते, आणि आत सयाजी न दुखणारा पाय धरून कण्हत होता. तालमीसमोर त्यानं टुणकन खाली उडी मारली आणि विचारलं, "पांढरा रस्सा झाला का?"

मग पिराजीनं मैदानावरून करीमला घेतलं आणि मला गडमुडशिंगीकडं पळवलं. जुलेखाला आत ठेवलं तेव्हा वाकळ भिजून जड झाली होती. तिची सासू बिबीजान तिचं डोकं मांडीवर घेऊन वाटभर म्हणत होती, "डोळं उघड की गं, पोरगं रडतंय तुझं."

जुलेखा दवाखान्याच्या दारातच गेली. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायची." कारकुनानं करीमच्या हातात दुप्पट भाड्याची चिठ्ठी ठेवली. पिराजीनं ती हिसकावून फाडली. "मी पोचवतो तिला. भाडं नगं."

"नगं पावणं," करीम म्हणाला. "ह्या गाडीत तिला न्हाय घालायची." त्यानं बैलगाडी आणली.

मी अजून धावते आहे, म्हणून तुम्हाला सांगते. रक्त थांबत नसेल, श्वास अडकत असेल, शुद्ध हरपली असेल, पाठीला-मानेला मार बसला असेल, तर भाड्याचा हिशेब करत बसू नका, मला बोलवा. वर्गणी तुमचीच आहे. आणि धडधाकट माणूस माझ्या स्ट्रेचरवर झोपलेला दिसला, तर तो कुणाचाही भाचा असो, त्याला दंडाला धरून खाली ओढा.

मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.