उकिरड्यावर फेकलेली अंडी

मी एक जुनी बॅटरी आहे. पत्र्याची, तीन सेलची, पोटाला पोचे पडलेली. मित्रांनो, बॅटरी बोलायला लागली की "मी अंधारात वाट दाखवते" असलं काहीतरी गोड ऐकायची तुम्हाला सवय असेल. ते विसरा. मी उजेड पाडते, एवढंच. त्या उजेडात माणूस काय बघतो आणि काय बरळतो, हे मला उभ्या जन्मात थांबवता आलं नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो निघाल्या. वडवणीच्या बाजारात मुंजाजीनं मला घेतलं. विहिरीवरची मोटर, बांधावरचा साप, गोठ्यातली व्यालेली गाय, सगळं त्यानं माझ्या उजेडात बघितलं. "बॅटरी लई कामाची हाय," असं चार माणसांत सांगायचा. मग त्याच्याकडं मोबाईल आला. मोबाईलच्या पाठीला उजेड होता. मी खुंटीवर गेले आणि पाली माझ्या काचेवर घाण करू लागल्या. कौतुक म्हणतात ते एवढंच टिकतं.

खुंटीवरून मला उतरवलं त्याच्या बायकोनं, गीताबाईनं. तिनं खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला टोळीचा ट्रॅक्टर येणार होता. त्याआधी पिलं निघाली तर डाल्यात घालून कोंबडीसकट फडावर नेता येतात, पाचटाच्या कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चरून मोठी होतात. अंडी मात्र ट्रॉलीच्या हादऱ्यात टिकत नाहीत. म्हणून आत जीव धरलाय का, हे तिला बघायचं होतं. तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा माझ्या तोंडावर चढवला, दार लोटलं आणि एक अंडं वर टेकवलं. आत लाल शिरांचं जाळं, मधोमध एक ठिपका. ठिपका हलत होता.

"अगं माय!" ती म्हणाली आणि अंडं पुन्हा कोंबडीखाली सारलं.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण घरात उत्तरेश्वर होता. मुंजाजीचा धाकटा भाऊ. काम सांगितलं की कंबर धरणारा आणि मोबाईल दिसला की ताठ होणारा.

"सरका वैनी, तुमाला त्यातलं कळत न्हाई. म्या समदे व्हिडिओ बघितलेत."

झालं. त्या दिवसापासून घरी येईल त्याच्यासमोर अंडी बाहेर. दूधवाला आला, काढ अंडी. सोयरे आले, काढ अंडी. कोंबडी टोचायला लागली तर तिच्यावर गोणपाट टाकायचा. "जनावर अडाणी असतंय," म्हणायचा. कोण कुणाला म्हणत होतं बघा!

दिवस भरत आले. पिल्लू वाढलं की अंडंभर होतं, मग माझा उजेड आरपार जाईल कुठून? अंडी काळी दिसायला लागली. उत्तरेश्वरानं तोंड वाकडं केलं. "सडली. काळी ठिक्कर पडली."

"पण भावजी, वास न्हाई येत."

"वास यायची वाट बघता का? एक फुटलं की समदी जात्यात."

ज्यांत जीवच धरला नव्हता ती अंडी त्यानं कोंबडीखाली ठेवली. "ही बघा, काचेवानी साफ!" काळी पाटीत भरली आणि उकिरड्यावर उपडी केली. गीताबाई बघत राहिली. दिराचा शब्द, वर त्याच्या हातात मोबाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. गीताबाई चुलीतली राख टाकायला उकिरड्यावर गेली आणि तिथंच खिळली. शेणात काहीतरी चिवचिवत होतं. बाकीची अंडी फुटली होती, त्यांवर कुत्री फिरली होती. दोन मात्र कुजत्या शेणाच्या उबेत रुतून बसली होती. उकिरड्यालाही त्या शहाण्यापेक्षा जास्त माया होती.

ती दोन्ही उचलून धावत घरात आली. माझ्यावर त्यातलं एक टेकवलं. सगळं काळं, फक्त बोथट टोकाशी, हवेच्या पोकळीत, उजेडाची वाटी, आणि त्या वाटीत एक चोच हलत होती. तिनं ते अंडं दिराच्या कानाला लावलं.

"एखादं ऱ्हातंच वैनी," तो म्हणाला. "बाकीची सडकीच हुती."

"फुटलेली बघून ये जा बे," मुंजाजी दारातून ओरडला. "पिसं आलेली हायेत त्यायला!"

उत्तरेश्वरानं मोबाईल वर केला. "वैनी, बॅटरी नीट धरा. ह्याची रील काढतो."

गीताबाईनं मला बंद केलं. "तुमच्या टकुऱ्यावर धरू का बॅटरी? आत काय धरलंय का बघू."

बाहेर टोळीचा मुकादम ट्रॅक्टरचा हॉर्नवर हॉर्न देत होता. तिनं कोंबडीखालची काचेवानी साफ अंडी काढून दिराच्या ओंजळीत घातली, भुसकटाच्या डाल्यात कोंबडी बसवली, ती दोन खाली सारली आणि मला पिशवीत कोंबलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी पत्रा आहे, पडले तर आणखी एक पोचा. पण जीव असलेली वस्तू हातात घ्याल तेव्हा आधी नीट शिका, मग निवाडा करा. शिकायचं नसेल तर हात मागं घ्या आणि कोंबडीला बसू द्या.

एक पिल्लू वाटेतच निघालं. ओलं, कुरूप, लई ओरडणारं. दुसरं अंडं अजून गप्प आहे. गीताबाई मला लावून बघत नाही. डालं मांडीवर घट्ट धरून ती बसली आहे आणि दर खड्ड्याला ट्रॅक्टरवाल्यावर ओरडते आहे, "हळू की रं मुडद्या, डालं पोटुशी हाय!"