दसऱ्याचा ताळा

गोरव्यातला तो व्हॉल्व्हचा कारखाना वर्षातून एकदाच पूर्ण बंद व्हायचा, दसऱ्याला. लेथ बंद, भट्टी बंद, आणि हसमुखभाई शेठची श्रद्धा अशी दांडगी की सातच्या सात सर्व्हरही बंद. चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. वडिलांच्या काळात कारखान्यात कॉम्प्युटरच नव्हता, त्यांचं काय जातंय नियम करायला. तर कुंकू लागायचं, झेंडू चढायचे, फाफडा-जिलेबी वाटली जायची आणि माणसं घरी जायची. मागे राहायची एकटी कांचन. लेथ बटण दाबलं की फिरतो. सर्व्हर बंद करून उठवला की रुसतो, आणि एकेकाचा रुसवा वेगळा. कुठे काय टोचायचं हे सगळं तिच्या डोक्यात. नऊ वर्षं तिची दसऱ्याची दुपार त्या थंडगार खोलीत गेली होती.

तिचे वडील दिनकरराव नागरवाड्यात दोन खोल्यांत एकटे राहायचे. ती त्यांना अण्णा म्हणे. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. आता जिना चढला की पाच मिनिटं बोलता यायचं नाही. दोन हजार बारा सालच्या गुढीपाडव्याला ते म्हणाले, "यंदा दसऱ्याला ये. दिवस मावळायच्या आत शमीपर्यंत जाऊन येऊ दोघं. पुढच्या वर्षाचं काही खरं नाही." अण्णांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे हे मागणं तिच्या जिवाला लागून राहिलं.

आता यायचं तर डोक्यातलं सगळं बाहेर काढायला हवं. तिने जूनपासून कंबर कसली. प्रत्येक सर्व्हरवर काय हवं, कुठली फाइल कुठे, काय आधी सुरू व्हावं, हे सगळं कोडमध्ये लिहायचं, म्हणजे तो कोड चालवला की सर्व्हर आपला आपण तयार होतो. आणि कोड बरोबर आहे का, हे बघायला आपोआप चालणाऱ्या चाचण्या. बरोबर असेल तर हिरवी ओळ, चुकलं तर लाल. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं. रोजचं काम उरकून वर हे. समा भागातल्या घरी पोचली की कुकर लावेपर्यंत पाय बोलायला लागायचे, आणि रिफायनरीतून शिफ्ट संपवून आलेला नवरा विचारायचा, "आज किती लाल?" कंटाळा हा शब्द कमी पडेल अशी ती त्या चार महिन्यांत दमली होती.

सप्टेंबरअखेर दोनशे बारा चाचण्या झाल्या, सगळ्या हिरव्या. पण त्या चालायच्या तिच्या टेबलाखालच्या एका साध्या मशीनवर. खरे सर्व्हर एकदा बंद करून बघायला हवेत, म्हणून ती शेठकडे गेली. अर्धा तास मागितला.

"मशीन दशेराए ज बंद थाय, बेन," शेठ गुजरातीत म्हणाले, म्हणजे दसऱ्यालाच, एरवी नाही, आणि तो विषय तिथेच संपला.

रविवारी ती अण्णांकडे गेली तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. कॉम्प्युटर त्यांना कळत नव्हता, पण चाचण्यांचं लगेच कळलं.

"म्हणजे ताळा," ते म्हणाले. "गणित कुणी केलं?"

"मीच."

"आणि ताळा?"

"तोही मीच. दुसरं आहे कोण तिथे?"

अण्णा नुसतं हं म्हणाले. गणित ज्या वाटेने केलं त्याच वाटेने ताळा केला तर चूकही त्याच वाटेने परत येते, हे त्यांनी तिला चौथीत असताना शंभरदा सांगितलं होतं. आता लेकीचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी ते गिळलं असावं.

दसऱ्याला दुपारी तीन वाजता कांचन नागरवाड्यात पोचली. कारखान्यात तिच्या जागी शुभंकर होता, रेल्वेतल्या जळगावकरांचा मुलगा, तिशीतला, कामाला चोख. पूजा झाली की एक बटण दाबायचं, दोनशे बारा हिरव्या ओळी मोजायच्या आणि घरी जायचं, एवढंच तिने त्याला सांगून ठेवलं होतं. इकडे अण्णा इस्त्रीचा सदरा, काळी टोपी घालून, बुटांच्या नाड्या बांधून तयार. नाड्या बांधायलाच त्यांना दहा मिनिटं लागली असणार.

चारला फोन आला. "ताई, सगळं हिरवं." कांचनच्या खांद्यावरचं ओझं असं काही उतरलं की तिला रडूच यायला लागलं. अण्णा काठी घेऊन उठले. उंबऱ्याशी पोचतात न पोचतात तोच पुन्हा फोन.

"ताई, ऑर्डरी दिसत नाहीत. एकही नाही. डेटाबेस चालू आहे, चाचण्या हिरव्या आहेत, पण आत काहीच नाही. सगळं कोरं."

कांचनने हे विचारलं, ते विचारलं, शुभंकरने दहा ठिकाणी बघितलं. चारचे पावणेपाच झाले. अण्णा खुर्चीवर बसले, बूट तसेच पायात. ऊन समोरच्या गच्चीवर चढलं होतं. शेवटी शुभंकर चाचरत म्हणाला, "ताई, तुम्ही येऊनच जा ना." तिने पर्स उचलली. अण्णांकडे बघायची तिची हिंमत होईना.

"बस," अण्णा म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच. "दरवर्षी तू काय करतेस ते पहिल्यापासून सांग. एकही पायरी गाळू नकोस."

"अण्णा, तुम्हाला त्यातलं..."

"सांग."

ती उभ्या उभ्याच सांगायला लागली. "आधी स्टोरेजची पेटी चालू करते. सगळी माहिती असते ना, ती त्या पेटीतल्या डिस्कवर. जुनी आहे, घरघर करत उठते. मग गेटवर जाऊन चहा घेते. परत आले की डेटाबेस सुरू करते. मग..."

"चहा लिहिलास का?"

कांचन थांबली. नऊ वर्षं ती पेटीचं बटण दाबून चहाला जात होती, आणि त्या पंधरा मिनिटांत पेटी जागी होत होती. ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिच्या लेखी ती नुसती दमल्या जिवाची विश्रांती होती. म्हणून ते कोडमध्ये नव्हतं, आणि कोडमध्ये नव्हतं म्हणून चाचणीतही नव्हतं. टेबलाखालच्या मशीनला पेटीच नाही, तर ते तरी काय बोलणार. आज बटण दाबताच डेटाबेस पेटीच्या आधी उठला, जुनी माहिती दिसेना म्हणून त्याने कोरं पान उघडलं. चाचणीने विचारलं, चालू आहेस का? तो म्हणाला, हो.

"शुभंकर, पेटीसकट सगळं बंद कर. मग फक्त पेटी चालू कर. आणि गेटवर जाऊन चहा घे. पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नकोस, मग पुन्हा बटण दाब."

फोन ठेवून ती वळली. "चला अण्णा. पंधरा मिनिटं आहेत."

पण अण्णा वाकून नाड्या सोडत होते. "आता नाही गं जमायचं. बसून बसूनच दम लागलाय." तिने खाली बसून त्यांचे बूट काढले. पाय सुजले होते. तिला स्वतःचा, शेठचा, त्या दोनशे बारा हिरव्या ओळींचा मनस्वी राग आला. "शमी काय पळून जाते का," अण्णा म्हणाले. "पुढच्या वर्षी जाऊ. चहा टाक."

तिने चहा टाकला. दोघांनी तो घेतला. कप विसळत असताना शुभंकरचा फोन आला, ऑर्डरी आल्या म्हणून. अण्णांनी खिशातून आपट्याचं पान काढून तिच्या ओल्या हातावर ठेवलं. "सोनं घे. तेराव्या चाचणीचं मात्र विसरू नकोस. दोनशे तेरावी."

ती तिने दुसऱ्याच दिवशी लिहिली. पेटी जागी झाली का ते आधी बघ, नसेल तर थांब, आणि आत खरंच ऑर्डरी आहेत का ते मोजूनच हिरवं हो. नाव ठेवलं, चहा.

फाल्गुनात अण्णा गेले.

पुढच्या दसऱ्याला शेठ आपणहून म्हणाले, "कांचनबेन, आजे घरे रहो." तरी ती गोरव्याला आली. शुभंकरने तिच्यासाठी खुर्ची ओढली. पूजा झाली, बटण दाबलं, ओळी हिरव्या होत गेल्या आणि एका ओळीपाशी येऊन थांबल्या. चहा: वाट पाहत आहे.

"ताई, आता कुणी लागत नाही इथे," शुभंकर म्हणाला. "तुम्ही खुशाल निघा. दिवस मावळायला वेळ आहे अजून."

"हो," कांचन म्हणाली, आणि ती पंधराही मिनिटं त्या ओळीकडे बघत बसून राहिली.