सभासद क्रमांक ४१२

घरात तिला सगळे भोचक म्हणत. आईने कपाटाला कुलूप लावलं, तर आत काय ठेवलंय यापेक्षा आजच का लावलं, हे विचारणारी ही मुलगी. तिने पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. आता नाक खुपसायला विद्यापीठाचीच परवानगी मिळाली."

विषय भोचकने मनापासून निवडला होता: स्पॅनिश भाषेतल्या चित्रपटांत काम केलेल्या बायका, पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्याही. दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून ती स्पॅनिश शिकली होती ती याचसाठी. गाइड सरांना विषय आवडला, पण आवडलेल्या गोष्टीतही आधी खडा शोधायचा हा त्यांचा स्वभाव.

"आपल्याकडे आधीच कोणी यावर काम करत नाही ना, ते बघून ये," ते म्हणाले. "कोणी असेल तर विषय सोडायचा. मला नंतर भांडणं नकोत. पुढच्या शुक्रवारी सांग."

ग्रंथालयाच्या संगणकावर तिने प्रबंधांची यादी उलटीसुलटी चाळली. शब्द कसेही फिरवले तरी या विषयावरचा एकही प्रबंध निघाला नाही. पुस्तकं मात्र निघाली, चांगली तेवीस, सगळी स्पॅनिशमधली, तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या शेवटच्या रॅकवर. भोचक दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. शेजारच्या रॅकवर बोटाने पत्र लिहावं इतकी धूळ होती आणि या तेवीस पुस्तकांवर कण नव्हता. तिला तिथेच शंका यायला हवी होती, पण आनंदात राहून गेलं.

मग तिने एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तारखेच्या चिठ्ठीवर नऊ शिक्के, आणि प्रत्येक शिक्क्यासमोर एकच सभासद क्रमांक: ४१२. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं, शेवटी सगळीच काढली. सगळीकडे ४१२. दुसऱ्या कुणाचा नंबर औषधालाही नाही.

भोचकने शिक्क्यांवरच्या तारखा पाहिल्या. कोणीतरी गेली अठरा वर्षं ही पुस्तकं पुन्हा पुन्हा नेत होतं. तिच्या डोळ्यांसमोर तो माणूस उभाच राहिला: जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात मफलर, आणि घरी हजार पानांचा जवळजवळ पुरा झालेला प्रबंध. तिला त्याचा भयंकर राग आला. तितकंच त्याला भेटावंसंही वाटलं.

देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, "मावशी, चारशे बारा नंबर कोणाचा हो?"

मावशींनी मान वर केली नाही. "सभासदाचं नाव सांगायचं नसतं बाळा."

"फक्त बाई की पुरुष, एवढं?"

"तेही नसतं सांगायचं." आणि त्यांनी पुढच्याचं पुस्तक ओढून त्यावर धाडकन शिक्का मारला.

पण गप्प बसेल ती भोचक कसली! तिने तेवीस चिठ्ठ्यांवरच्या तारखा वहीत उतरवल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी तिला माग लागला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक पुस्तक जायचं, पंधराव्या दिवशी परत यायचं, आणि रॅकवर जशी लावलीत त्याच क्रमाने. गेल्या महिन्यात अकरावं गेलं होतं. म्हणजे या सोमवारी बारावं.

सोमवारी ती सकाळपासून समोरच्या टेबलाशी डोळ्यांत तेल घालून बसली. पुढ्यात एक पुस्तक उघडं होतं, पण त्याचं पान दुपारपर्यंत उलटलं नाही. चारच्या सुमाराला पुस्तकांची ढकलगाडी कुरकुरत आली. गाडीमागे देवघेवीच्या मावशी होत्या. त्यांनी तेवीस पुस्तकं फडक्याने पुसली, बारावं काढून काखेत धरलं आणि वळल्या, तर समोर भोचक.

"तुम्ही?"

मावशी एवढ्याशा झाल्या. मग म्हणाल्या, "पाच वर्षं कोणी नेलं नाही की पुस्तक बाद होतं. यादी मीच करते. हा सगळा रॅक यादीत होता."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"एक अक्षर येत नाही गं." त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि न शोधता एक पान उघडलं. आत एक जुना फोटो होता. टेबलाशी बसलेली बाई, गळ्यात फिल्मच्या पट्ट्या, हातात कात्री, आणि फोटो काढणाऱ्याकडे अशी नजर की कामात कशाला आलास? "यादी करताना ही दिसली. खिडकीत गर्दी झाली की मी अशीच बघते, म्हणतात सगळे. हिला रद्दीत टाकायला हातच होईना. आणि एकटीला ठेवून बाकीच्यांना कसं काढायचं?"

भोचकला हसू आलं.

"दोन महिन्यांनी मी निवृत्त होतेय," मावशी म्हणाल्या. "माझं कार्ड बंद झालं की संपलं. एवढी वर्षं हिला घरी नेतेय, पण खाली काय लिहिलंय ते कधी कोणाला विचारलं नाही. हसले असते. तू वाच ना."

भोचकने वाचलं. मग पुन्हा वाचलं. खाली एका प्रसिद्ध दिग्दर्शकाचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं: यांचे संकलनाचे टेबल.

"आणि ही?"

"हिच्याबद्दल काही नाही, मावशी."

मावशी फोटोकडे बघत राहिल्या. "टेबल दिसलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि एवढी धडधाकट बाई नाही दिसली लिहिणाऱ्याला?"

पुस्तक उचलून त्या तडक खाली गेल्या. भोचक मागोमाग. खिडकीत बसून त्यांनी हात पुढे केला. "कार्ड दे तुझं." अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या चिठ्ठीवर दुसरा नंबर पडला. "ही कोण ते शोधून आण," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी सरांनी चष्मा पुसत विचारलं, "काय, आधीच कोणी आहे का या विषयावर?"

"आहेत, सर. अठरा वर्षं आहेत."

"मग सोडायला हवा."

"नाही सर," भोचक म्हणाली. "त्यांनी तो माझ्या कार्डावर दिलाय."