पुनवेची काठी

चैत्री पुनवेच्या सकाळी हौशीरामआबा बिरोबाच्या माळावर पोचले, तर जत्रा होऊन गेली होती. मांडवाच्या बांबूंचे खड्डे तेवढे उघडे होते.

भांडगावच्या पुढचं हे गाव. पुनव कधी मंगळवारी यायची, कधी गुरुवारी. सणसवाडीला कंपनीत लागलेल्या पोरांना सुट्टी मिळायची नाही. म्हणून सरपंच नीलमनं ग्रामसभेत ठराव मांडला, यंदापासून जत्रा एप्रिलच्या पहिल्या रविवारी. सगळ्यांना पटलं. देवाची काठी उचलायचा मान धनगरवाड्यातल्या आबांचा, आणि आबा मेंढरं घेऊन मुळशीकडं गेलेले. “आबांना मी कळवते,” नीलम म्हणाली होती. टँकर, मांडव, पाहुणे या धांदलीत ते राहूनच गेलं. रविवारी थोडा वेळ वाट बघून तिच्या नवऱ्यानं, सत्यजीतनं, काठी उचलली. म्हातारा थकला असेल, असं लोक म्हणाले. नीलमला तेव्हाच आठवलं होतं. ती पाहुण्यांकडं वळली.

आता ती माळावर धावत आली. आबा देवळाच्या पायरीवर बसून पायातला काटा काढत होते.

“आबा, चूक माझी हाय. तुम्हाला सांगायचं मी विसरले.”

“काठी कुणी उचलली?”

“आमच्या ह्यांनी.”

“तोल गेला न्हाई ना?”

“न्हाई.”

“मग झालं.”

“पोरांना बोलावते. आज परत काढू काठी.”

“देव काय दोनदा मिरवायचा व्हय?” आबांनी कमरेचा भंडारा उंबऱ्यावर उधळला, डोकं टेकलं. जेवायला थांबले नाहीत. मेंढरं भावाच्या भरवशावर होती.

नीलमनं पुढच्या ग्रामसभेत जत्रा परत पुनवेला घ्यायचा विषय काढला. कुणीच हात वर केला नाही. सत्यजीतनंसुद्धा.

पुढच्या साली मार्चमध्येच ती सत्यजीतला घेऊन मुळशीला गेली. ओढ्याकाठी पालं ठोकून आबांचा वाडा उतरला होता. मेंढरं चरत होती. तिनं रविवारची तारीख सांगितली. आबांनी लेकाला हाक मारली. “मल्हारी, काठी औंदा तू उचल. रविवारी जा.”

“आन् तुम्ही, आबा?” नीलमनं विचारलं.

“मी पुनवेला यीन. तवा गर्दी नसंल.”

ते रागानं बोलले नव्हते. त्यांच्या सुनेनं चहा दिला. नीलम कप तसाच धरून बसली. ठेवून उठायचीही तिला लाज वाटली.